डॉरथीचं दुखणं

२०२२ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, बार्शीचा मेसेज आला. बार्शी म्हणजे माझी जुनी रूम पार्टनर. कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहायचो आणि पहिल्या दिवसापासून एकमेकींना गावाच्या नावानंच हाका मारायचो. बार्शी, कणकवली आणि मी वाई. ती आता न्यू जर्सीत असते. दिवाळीला, वाढदिवसाला शुभेच्छा द्यायच्या, एवढाच आमचा संबंध उरला होता. त्या दिवशी मात्र तिनं एक लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘दोन भाग आहेत. दोन्ही बघ. मग फोन कर.’

‘द गोल्डन गर्ल्स’ या जुन्या अमेरिकन मालिकेचे ते दोन भाग होते. आदल्याच आठवड्यात, ३१ डिसेंबरला, त्यातली शेवटची नटी बेटी व्हाइट गेली होती. शंभरी पूर्ण व्हायला सतराच दिवस उरले होते. त्यामुळे तिकडे सगळीकडे ती मालिका पुन्हा दाखवत होते, असं बार्शीनं नंतर सांगितलं. मी मालिकेचं नुसतं नाव ऐकून होते. आपल्याकडे रूममेट्सची मालिका म्हटलं की ‘फ्रेंड्स’ आठवते : विशी-पंचविशीतली मुलं, कॉफी, प्रेमप्रकरणं. ‘गोल्डन गर्ल्स’ त्याच्या कितीतरी आधीची. १९८५ ते १९९२ अशी सात वर्षं, १८० भाग. आणि यातल्या रूममेट्स पन्नाशी ओलांडलेल्या बायका आहेत.

मायामीमध्ये ब्लांशचं घर आहे. ती विधवा. तिच्याकडे रोझ राहते, तीही विधवा, मिनेसोटातल्या एका खेड्यातून आलेली. डॉरथी घटस्फोटित. ती बदली शिक्षिका आहे, म्हणजे रजेवर गेलेल्या शिक्षकांचे तास घेते. डॉरथीची म्हातारी आई सोफिया वृद्धाश्रम जळाल्यामुळे लेकीजवळ राहायला आलेली. रात्री झोप आली नाही की या चौघी स्वयंपाकघरात जमतात, फ्रिजमधून चीजकेक काढतात आणि बोलत बसतात. त्या टेबलाला बहुतेक वेळा तीनच खुर्च्या असतात. कॅमेऱ्याकडे पाठ करून कुणी बसू नये म्हणून तशी रचना केली होती. एकदा ही गोष्ट कळली की मग प्रत्येक भागात नजर तिकडेच जाते. तीन खुर्च्या, चौघी जणी, आणि कुणी ना कुणी ओट्याला टेकून उभी. आमच्या फ्लॅटमध्ये दोन खुर्च्या होत्या आणि आम्ही तिघी. तिसरी कायम ओट्यावर चढून बसलेली असायची. म्हणून मला ते घर लगेच ओळखीचं वाटलं.

डॉरथीचं काम करणारी बी आर्थर उंच, भारदस्त, घोगऱ्या आवाजाची. तिच्या आईचं काम करणारी एस्टेल गेटी खरं म्हणजे तिच्याहून वर्षभरानं लहान. पांढरा विग आणि मेकअप यांच्या जोरावर ती ऐंशीची दिसते. डॉरथी ही त्या घरातली सगळ्यात कणखर बाई. तिच्यापुढे कुणाची टाप नाही. कुणी मूर्खासारखं बोललं की ती नुसती बघते, काही सेकंद, आणि समोरचा विरघळतो. ही बाई आजारी पडते. ‘सिक अँड टायर्ड’ हे त्या दोन भागांचं नाव. सप्टेंबर १९८९ मध्ये, मालिकेच्या पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला ते दाखवले गेले.

आजार काय आहे ते कुणालाच कळत नाही. फ्लूसारखं काहीतरी झालं आणि ते गेलंच नाही. महिने उलटले. डॉरथीच्या अंगात त्राण नाही. कामावर जाववत नाही. तपासण्या होतात, सगळं व्यवस्थित असल्याचं कळतं. डॉक्टर तिला न्यूयॉर्कच्या एका बड्या तज्ज्ञाकडे पाठवतात. त्याचं नाव डॉ. बड. एवढा प्रवास करून ती जाते, तेव्हा रोझ तिच्यासोबत जाते. डॉ. बड तिला सांगतात की तुम्हाला काही झालेलं नाही. वय होतंय तुमचं. एकट्या असाल. हेअरड्रेसरकडे जा एखाद्या, जरा रूप बदला, बरं वाटेल.

हे वाक्य आलं आणि मी व्हिडिओ थांबवला. उठून पाणी प्यायले. पंधरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला, पण त्या क्षणी मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत, हिरव्या पडद्यामागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

२००६ चा पावसाळा. चिकुनगुन्याचं नाव तोवर आम्ही ऐकलंही नव्हतं. त्या वर्षी देशभरात जवळपास चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यात, नाशिककडे, पुण्यात, गावंच्या गावं कण्हत होती. माणसं वाकून चालत होती. त्या आजाराच्या आफ्रिकी नावाचा अर्थच मुळी ‘वाकवणारा’ असा आहे. मला जुलैमध्ये ताप आला. चार दिवसांत उतरला. तापात सांधे इतके दुखायचे की पांघरूण ओढून घेताना रडू यायचं. पण सगळेच म्हणत होते, ताप उतरला की आठवडाभरात माणूस उठतं. मीही तेच धरून चालले होते.

ताप गेला. मी उठले नाही.

आपल्याकडे थकव्याला किती शब्द आहेत! दमणं, शिणणं, गळून जाणं, अंग मोडून येणं, मरगळ, ग्लानी. त्यातला शीण तर फार गोड शब्द. शीण आला म्हणजे काहीतरी काम झालेलं असतं, आणि गरम पाण्यानं आंघोळ केली, चहा घेतला, की तो जातोही. मला झालं होतं त्याला यातला एकही शब्द पुरत नव्हता. सकाळी उठल्यावर मी रात्रीच्यापेक्षा जास्त दमलेली असायचे. टूथपेस्टचं टोपण फिरवता येत नव्हतं. कुकरचं झाकण लावता येत नव्हतं. धुतलेली ओढणी पिळायचं सोडून द्यायचे, ती तशीच टपटपत दोरीवर. लॅचची किल्ली फिरवायला मनगट वळायचं नाही म्हणून दाराबाहेर पायरीवर बसून मी कणकवलीची वाट बघितली आहे, तासतासभर. आणि हे सांगायला गेलं की तोंडातून एकच वाक्य यायचं, ‘खूप थकवा आहे गं.’ त्यावर कुणीही म्हणणार, थकवा तर आम्हालाही आहे.

आमच्याकडे पाणी सकाळी साडेपाच ते सात यायचं. तिघींची पाळी लावलेली होती. ज्या दिवशी जिची पाळी तिनं उठून पिंप, बादल्या, पातेली भरायची. ऑगस्टपासून माझी पाळी बार्शी आणि कणकवली वाटून घ्यायला लागल्या. बार्शी एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायची, रात्री एकला घरी यायची आणि साडेपाचला उठायची. पहिला महिना तिनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात बादली ठेवल्याचा आवाज मोठा व्हायला लागला.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी एके दिवशी मला बरं वाटलं. खरोखर बरं. तीन महिन्यांत पहिल्यांदा अंग हलकं वाटत होतं. मी लक्ष्मी रोडला गेले, आईसाठी साडी घेतली, तुळशीबागेत पणत्या घेतल्या, येताना भेळ खाल्ली. संध्याकाळी आनंदानं बार्शीला सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चार दिवस मी अंथरुणातून उठू शकले नाही. चौथ्या दिवशी बार्शी दारात उभी राहून म्हणाली, ‘फिरायला जमतं. पाणी भरायला तेवढं जमत नाही.’

मी काही बोलले नाही. कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्या महिन्यांतलं सगळ्यात वाईट काय होतं तर हेच. रिपोर्ट नॉर्मल, ताप नाही, सूज दिसत नाही, चेहरा बरा आहे. मग मीच तर नाटक करत नसेन? दिवसातून दहा वेळा मी स्वतःला हा प्रश्न विचारत होते. झोपून राहिलेल्या माणसाकडे करण्यासारखं दुसरं कामही नसतं.

ज्या हॉस्पिटलबद्दल वर लिहिलं तिथं मी नोव्हेंबरमध्ये गेले. कणकवली सोबत आली, अर्धी रजा टाकून. केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, ‘सोबत कोण?’ कणकवली म्हणाली, ‘मी. आम्ही एकत्र राहतो.’ ‘तसं नाही, नातं काय?’ कणकवली म्हणाली, ‘रूम पार्टनर.’ त्या बाईंनी पेन थांबवलं. त्यांच्याकडे त्या रकान्यात लिहायला तो शब्द नव्हता. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, ‘बहीण लिहिते.’

आत डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. वय विचारलं. सत्तावीस. लग्न? नाही. घरी कोण असतं? मी म्हटलं, घर वाईला, इथं मैत्रिणींबरोबर राहते. त्यांनी चष्मा काढला आणि फार मायेनं म्हणाले, ‘सगळं नॉर्मल आहे बेटा. घरच्यांना सांग, मुलगा बघा म्हणावं. एकटं राहिलं की असं होतं. संसारात पडलीस की मन रमेल आणि हे सगळं आपोआप जाईल.’

ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाजही वाईट नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते. मी पर्स उचलली. तेवढ्यात माझ्या मागे उभी असलेली कणकवली बोलली, ‘डॉक्टर, ही एकटी नाही राहत. मी राहते हिच्यासोबत. सकाळी हिला धरून उठवावं लागतं, ते मी बघते. ही खोटं नाही बोलत.’ डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, ‘तुम्ही कोण?’ केसपेपरवर लिहिलं होतं बहीण. ती म्हणाली, ‘मैत्रीण.’ ते म्हणाले, ‘पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या.’

तिचं ते म्हणणं मला अजून पुरतं. एकत्र राहणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आईवडिलांना दिसत नाही, कारण त्यांच्याशी आपण फोनवर ‘बरी आहे’ म्हणतो. डॉक्टरांना तर नाहीच दिसत. त्यांच्यासमोर आपण केस विंचरून, इस्त्रीचा ड्रेस घालून, दहा मिनिटं ताठ बसतो. मग घरी येऊन दोन दिवस पडतो. ते दोन दिवस फक्त रूम पार्टनर बघते. पण तिच्या साक्षीला रकानाच नाही.

आता सांगते, तो भाग मी पुढे का बघितला. पाणी पिऊन पुन्हा बसले ते रोझमुळे. रोझ ही मालिकेतली सगळ्यात भाबडी. तिला गोष्टी उशिरा कळतात, तिच्या गावाच्या कथांना शेंडाबुडखा नसतो, डॉरथी तिच्यावर सतत करवादते. पण न्यूयॉर्कला ती जाते. तिथं हॉटेलच्या खोलीत डॉरथी खचते, तेव्हा तिच्याजवळ तीच असते. डॉक्टरांना काही सापडलं नाही हे ऐकल्यावर तिच्या मनात शंकेचा कणही येत नाही. डॉरथी आजारी आहे, कारण डॉरथी म्हणते की ती आजारी आहे. रोझला एवढं पुरतं.

त्याच भागांत ब्लांशची एक वेगळी गोष्ट चालू असते. तिला कादंबरी लिहायची हुक्की येते. ती दिवसरात्र जागते, तिसऱ्या दिवशी तिला भलभलतं सुचायला लागतं, ती झोकांड्या खात घरभर फिरते. अतिशय हसू येतं. पहिल्यांदा बघताना मला ते खटकलं, एवढ्या गंभीर गोष्टीत हे कशाला? दुसऱ्यांदा बघितल्यावर वाटलं, हे अगदी बरोबर जागी ठेवलंय. एकाच घरात दोन थकवे आहेत. ब्लांशचा थकवा सगळ्यांना दिसतो, त्याचं कारण माहीत आहे, आणि झोपली की तो जाणार आहे. डॉरथीचा दिसत नाही, त्याला कारण नाही, आणि झोपून तो जात नाही. दोघी एकाच सोफ्यावर बसतात. लेखिकेनं हे कुठंही बोलून दाखवलेलं नाही.

ही लेखिका म्हणजे सुझन हॅरिस. मालिका तिचीच. स्वतः कितीतरी दिवस आजारी होती आणि डॉक्टर तिचं ऐकत नव्हते. पुढे तिला अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा त्रास असल्याचं निघालं. पण त्या काळात जे सोसलं ते तिनं डॉरथीच्या तोंडी घातलं. बहुतेक भाग इतर लेखक लिहायचे, हे मात्र तिनं स्वतः लिहिलं. ते कळतंही. आजारी माणसाला नेमकं काय झोंबतं हे ऐकीव माहितीवर लिहिता येत नाही.

दुसऱ्या भागात शेजारचे बालरोगतज्ज्ञ तिला एका विषाणुतज्ज्ञाकडे पाठवतात. डॉ. चँग. ते तिचं ऐकून घेतात आणि सांगतात की हे खरं दुखणं आहे, याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, आणि यावर औषध नाही. औषध नाही असं ऐकूनही डॉरथी आनंदानं उजळते. मग चौघी जणी हॉटेलात जाऊन शँपेन उघडतात. रोग झाल्याचा आनंद साजरा करतात! ज्याला हे दृश्य विचित्र वाटेल तो भाग्यवान आहे. मला हुंदका आला.

१९८९ साली हे दाखवणं सोपं नव्हतं. त्या दुखण्याला ते नाव मिळून एकच वर्ष झालं होतं. १९८४ च्या सुमारास नेवाडात, ताहो सरोवराजवळच्या इन्क्लाइन व्हिलेज या लहानशा गावात कितीतरी माणसं फ्लूसारखी आजारी पडली आणि बरीच उठलीच नाहीत. चौकशी झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं हे नाव ठरवलं. तोवर वर्तमानपत्रांनी त्याला ‘यप्पी फ्लू’ म्हणून हिणवायला सुरुवात केली होती, म्हणजे पैसेवाल्या तरुणांची थेरं. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये दोनशे-तीनशे कर्मचारी असेच पडले होते. हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून निष्कर्ष काढला की तो सामूहिक हिस्टेरिया होता. आणि त्यांच्या आधारांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या. ज्या परिचारिका महिनोन्‌महिने पडून होत्या, त्यातल्या काहींनी ते वाचलं असेल. त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

२०१५ साली अमेरिकेतल्या वैद्यक अकादमीनं मोठा अहवाल काढला. हा खरा, गंभीर शारीरिक आजार आहे असं त्यात स्वच्छ म्हटलं आणि त्याचं मुख्य लक्षण सांगितलं : थोडेसे श्रम केले तरी नंतर, कधी दुसऱ्या दिवशी, माणूस कोसळतो. लक्ष्मी रोडनंतरचे माझे चार दिवस. मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम होता असं मी म्हणत नाही. माझा त्रास चिकुनगुन्याचा होता, त्यानंतर सांधे आणि थकवा महिनोन्‌महिने राहतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी बरी झाले. डॉरथीसारखी माणसं वर्षानुवर्षं बरी होत नाहीत. पण अंगणात उभं राहून मी ते घर पाहिलंय.

मला मालिकेबद्दल एकच तक्रार आहे. पुढच्या भागांमध्ये हा आजार गायब होतो. डॉरथी पहिल्यासारखी फिरते, नाचते, दुखण्याचं नावही निघत नाही. इतक्या जिवावर लिहिलेल्या गोष्टीचं पुढे असं व्हायला नको होतं.

पण हॉटेलातला तो प्रसंग आहे. शँपेन पिताना डॉरथीला दिसतं की पलीकडच्या टेबलावर डॉ. बड बायकोबरोबर जेवत आहेत. ती उठून जाते. ते तिला ओळखत नाहीत. ती म्हणते, वय झालं असेल तुमचं. हा एक छोटासा विनोद बरं का, तुम्हीच मला हे सांगितलं होतं. आणि मग ती बोलते. आवाज चढवत नाही. मी तुमच्याकडे आजारी म्हणून आले होते, घाबरलेली होते. तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं. तर ‘मला माहीत नाही’ असं सांगायचं सोडून तुम्ही मला वेडी ठरवलंत. डॉक्टर काही बोलायला जातात तर त्यांची बायकोच त्यांना गप्प बसवते. शेवटी डॉरथी म्हणते की कधीतरी तुम्हीही टेबलाच्या या बाजूला येणार आहात. आणि मला तुमचा कितीही राग असला, तो कायम राहणार असला, तरी माझी इच्छा आहे की तुम्हाला मला मिळाला त्यापेक्षा चांगला डॉक्टर मिळो.

तो व्हिडिओ संपला तेव्हा इथं रात्रीचा दीड वाजला होता. तिकडे दुपार. मी बार्शीला फोन लावला.

तिला एप्रिल २०२० मध्ये कोविड झाला होता. हे मला माहीत होतं. बरी झाली असंही तिनंच कळवलं होतं. त्यानंतरचं कळवलं नव्हतं. पावणेदोन वर्षं झाली, ती अर्धा दिवस झोपून असते. नोकरी सोडली. स्वयंपाकाला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. एका डॉक्टरनं ताण आहे म्हटलं, दुसऱ्यानं योगा करा म्हटलं, तुम्ही भारतीय आहात ना, तुम्हाला येत असेल. नवऱ्याचा विश्वास आहे, पण सासू फोनवर विचारते, ‘अजून नाही का उठली?’

हे सगळं तिनं सांगितलं आणि मग थांबली. मला पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

‘तुला आठवतं,’ ती म्हणाली, ‘माझी आजी काय म्हणाली होती?’

मला आठवत होतं. त्याच दिवाळीत बार्शी घरी गेली होती आणि आल्यावर तिनं सहज सांगितलं होतं. चिकुनगुन्याची त्याआधीची साथ १९७३ मध्ये बार्शीतच आली होती. त्यानंतर तो आजार बत्तीस वर्षं या देशात कुणाला फारसा दिसला नाही. आजीनं तो ताप पाहिलेला. पुण्यात नातीच्या मैत्रिणीला झालाय म्हटल्यावर ती म्हणाली होती, ‘त्या तापानं माणसं लई वाकली व्हती. एकदा धरलं की साल-साल सोडत न्हाई. जप म्हणावं पोरीला.’

‘आजीनं सांगितलं होतं,’ बार्शी म्हणाली. ‘मी तुझ्यापर्यंत निरोप आणला. आणि तरीही मला खरं वाटलं नाही. बादली आपटली मी.’

मी तिला सांगितलं की तू तीन महिने माझं पाणी भरलंस. रात्री एकला येऊन पहाटे उठून भरलंस. ते ती विसरली होती. खरंच विसरली होती. तिला फक्त बादलीचा आवाज आणि दारातलं ते वाक्य आठवत होतं. पंधरा वर्षं ती तेच धरून बसली होती, आणि मी तिचं पाणी भरणं कधी तिला बोलून दाखवलं नव्हतं.

मग आम्ही बराच वेळ बोललो. काय खातेस, झोप लागते का, कोणता डॉक्टर. तिथं तेव्हा कोविडनंतरच्या या दुखण्यासाठी वेगळी क्लिनिक निघाली होती, दोन महिन्यांनी नंबर लागणार होता. मी विचारलं, आंघोळीचं काय करतेस? ती म्हणाली, तेच तर. केस धुवायचे म्हणजे अर्धा तास उभं राहायचं, हात वर धरायचे. आठवडा आठवडा धुतले नाहीत. कापून टाकणार आहे.

मला कणकवलीचं स्टूल आठवलं. त्या ऑगस्टमध्ये मला उभं राहून आंघोळ जमेना म्हणून खालच्या घरमालकीण काकूंनी पाट दिला होता. पाटावर बसता यायचं, पण गुडघ्यांतून उठता यायचं नाही. एकदा मी तशीच ओली, पाटावर अडकून पडले होते. कणकवलीनं दार ढकललं, मला उठवलं, काही बोलली नाही. संध्याकाळी ऑफिसमधून येताना मंडईतून एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली. निळं, उंच, पायांना रबराच्या टोप्या असलेलं. बसल्यावर गुडघे वाकत नाहीत एवढी उंची तिनं दुकानात स्वतः बसून बघितली होती. ते तिनं बाथरूममध्ये ठेवलं, तांब्या घेतला, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, ‘बस गो हंयसर. मी धुतंय.’ शिकेकाईचा वास आणि डोक्यावरून मानेवर येणारं कोमट पाणी. त्या दिवसांत माझं अंग पहिल्यांदा सैल झालं ते तेव्हा. फ्लॅट सोडेपर्यंत ते स्टूल तिथंच होतं. बार्शीही कपडे धुताना त्यावर बसायची.

‘तुझ्याकडे स्टूल आहे का?’ मी विचारलं.

‘किचनमध्ये आहे एक.’

‘ते नाही. उंच हवं. बसल्यावर गुडघे वाकायला नकोत.’

‘निळं होतं ना आपलं?’

‘निळं. पायांना रबर लावलेलं.’

‘थांब,’ बार्शी म्हणाली. तिनं नवऱ्याला हाक मारली, आणि मग पलीकडून टेप ओढल्याचा आवाज आला. तो खुर्चीची उंची मोजत होता. ती मला आकडा सांगत होती आणि मी सांगत होते, अजून थोडं, अजून थोडं उंच.